मापाचा जुना शर्ट

आधी वाड्यावरच्या पाटलांकडनं आला,
पिशवीत गुंडाळलेला, कॉलर विरलेला :
'ह्याच मापानं शिवा म्हणालेत, येळ नाही त्यास्नी.'
मग हायस्कूलचे कमते सर.
मग मगदूम वकील, ज्यांचा गळा मी
लग्नाच्या सुटापासून मोजत आलो,
साडेचौदा, पंधरा, सोळा.

भिंतीच्या खिळ्यावर जुने शर्ट वाढत गेले,
दुकानात माणसं कमी.
मला वाटलं, रेडिमेडचा जमाना.
वाटलं, गुडघे धरले असतील, जिना चढवत नसेल.
माणसाला काय काय वाटतं
स्वतःचा वास सोडून.

निपाणीत वासाचं कोण काय बोलणार?
वखार उघडली की अख्खी गल्ली शिंकते,
बायकांच्या पदराला आणि पोरांच्या दप्तराला
एकच तंबाखू.
त्यात माझ्या गालात सकाळपासनं
चुन्यात मळलेली गोळी,
वर बिनपाण्याचा दिवस, आठ कप चहा,
आणि दात घासणं म्हणजे
मशेरीचं एक बोट, नळाला पाणी असेल तोवर.

काज-बटणाचा भरमू काही बोलला नाही.
फक्त टाचण्यांच्या डबीत एक दिवस
वेलदोडे निघाले.
दुसऱ्या दिवशी लवंगा.
मग भावाच्या लग्नाला त्याचा शर्ट शिवायचा होता,
माप घ्यायला वाकलो,
तर पोरगं श्वास धरून उभं.
टेप हातात, त्याची छाती फुगलेली,
बत्तीस धरावी की चौतीस?
'सोड की गा श्वास,' म्हटलं.
त्यानं सोडला नाही.

त्या रात्री मनगट चाटलं,
वाळू दिलं,
हुंगलं.
अक्काताई भिंतीकडं तोंड करून निजते,
किती वर्षं झाली, मी मोजलं नव्हतं.
मोजायचाच माझा धंदा.

चिकोडी रोडची डॉक्टरीण म्हणाली, 'बायि तेगीरी,'
मग माझ्याकडं बघून, 'तोंड उघडा.'
मला पोटाचं औषध पाहिजे होतं.
'पोट बिचारं उगाच बदनाम,
बहुतेकांचा वास इथंच पिकतो.'
आरसा दिला. 'नालिगी तोरसरी.'
जीभ काढली. मागं पिवळट साय,
हिरड्यांच्या काठानं दगडाची किनार,
दोन दाढांच्या फटीत
परवाचं जेवण.

ह्या जिभेवर कुठली भाषा बसायची
म्हणून गावानं बंद पाळले,
पाट्या रंगवल्या, डांबर फासलं,
मीबी शटर ओढून घोषणा दिल्या.
खरं ती जीभ घासायची असते
हे ना ह्या बाजूनं कुणी सांगितलं, ना त्या.

तिनं किनार खरवडून काढली
आणि ड्रॉवरमधनं दोरा.
मला हसूच आलं.
चाळीस वर्षं दातानं दोरा तोडतोय,
दातातनं दोरा ओढायला
शिंप्याला शिकवतीया कोण, तर ही पोरगी!
हिरडीला कापू नका म्हणाली, दाताला धरून
खाली-वर. म्हणजे अस्तर टिपतात तसं.
पहिल्यांदा रक्त आलं.
'रोज केलं की थांबेल. नाही थांबलं तर या.'

सगळ्यात अवघड रात्रीचा ब्रश.
सकाळचं तोंड गिऱ्हाइकासाठी,
रात्रीचं कुणासाठी?
'ह्या वयात कुणाकडं निघालाय?'
अक्काताई अंधारात विचारते,
खरं कूस वळवून विचारते.

गोळी सुटली म्हणत नाही.
सहाची एक झालीया,
ती एक लई चिवट आहे.
मशीनजवळ पाण्याचा तांब्या असतो.
खिळ्यावरचे शर्ट अजून तिथंच आहेत,
आता या, वास येत नाही,
अशी पाटी कुठल्या भाषेत लावायची?

भरमूचा शर्ट छातीत दोन इंच सैल झाला.
लग्नाच्या फोटोत दिसतं ते.
असू दे मालक, म्हणतो.
काल उभा केला त्याला,
टेप पाठीमागनं फिरवून पुढं आणला,
वाकलो, अगदी जवळ.
छाती वर गेली. खाली आली.
परत वर.
साडेएकतीस.